गुण आला, की नुसते गुण कमी झाले? थेरपी मोजणाऱ्या प्रश्नावल्यांची पारख

पहिल्या फायलीत पीएचक्यू-९ चे, म्हणजे नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीचे, गुण पहिल्या सत्राला ११, आठव्या सत्राला ९. शेरा: बरे झाले. दुसऱ्या फायलीत पहिल्या सत्राला २२, आठव्याला १४. शेरा: सुधारणा अपुरी. दोन्ही शेरे नियमाला धरून आहेत. १० ही रेघ. एक जण रेघेखाली उतरला, दुसरा वरच राहिला. पण ११ चे ९ व्हायला दोन प्रश्नांवर एकेक घर सरकलं की पुरतं, आणि तेवढं तर एकाच माणसाने सोमवारी आणि गुरुवारी फॉर्म भरला तरी सरकतं. २२ चे १४ होताना आठ घरं सरकलेली असतात. झोप, जेवण, कामाचा उरक, यातलं काहीतरी बहुधा खरोखरच हललेलं असतं.

औषधाचा 'गुण येतो' म्हणणाऱ्या आपल्या भाषेत हा घोळ आणखी वाढतो, कारण यातल्या बहुतेक प्रश्नावल्यांत गुण कमी झाले की गुण आला समजायचं. (एकीत नेमकं उलट आहे, ती पुढे येईलच.) तेव्हा प्रश्नावली निवडताना तिच्या नावावर जाऊ नका. तीन गोष्टी बघा. ती मागच्या किती दिवसांबद्दल विचारते? किती गुणांचा फरक पडला म्हणजे तो खरा धरायचा, हे कुणी काढून ठेवलंय का? आणि तो आकडा बघून पुढच्या सत्रात तुम्ही काही वेगळं करणार आहात का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर फुकटची प्रश्नावलीही महागच पडते.

ही पारख उपचार चालू असताना फरक पडतोय का हे बघण्यापुरती आहे. निदान हा वेगळा विषय, आणि खालची कुठलीही स्वतः भरायची प्रश्नावली निदान करत नाही.

पीएचक्यू-९ आणि जीएडी-७

सुरुवात इथूनच होते, आणि बऱ्याच केंद्रांना पुढे जायची गरजही पडत नाही. पीएचक्यू-९ ही २००१ ची. नैराश्याच्या नऊ लक्षणांवर नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. ५, १०, १५ आणि २० या चार रेघा. जीएडी-७ ही २००६ ची, चिंतेसाठी, सात प्रश्न, एकूण २१. दोन्ही फुकट, छापायला परवानगी लागत नाही, आणि मराठी प्रती त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. दोन्ही मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला दोन्ही मिळून पाच मिनिटं लागतात.

किती फरक खरा, याचं तयार उत्तर या दोघींकडे आहे. इंग्लंडमध्ये २००८ पासून चालू असलेल्या सरकारी थेरपी सेवेत, जिला आता एनएचएस टॉकिंग थेरपीज म्हणतात, दर सत्राला या दोन्ही भरून घेतात. तिथे पीएचक्यू-९ वर ६ आणि जीएडी-७ वर ४ गुणांचा फरक पडला तरच तो विश्वासार्ह बदल धरतात. 'बरे झाले' म्हणायला पीएचक्यू-९ हे १० च्या खाली आणि जीएडी-७ हे ८ च्या खाली, दोन्ही एकाच वेळी यावे लागतात. हे चार आकडे भिंतीवर चिकटवून ठेवले तरी सुरुवातीच्या दोन फायलींचा घोटाळा टळतो.

आता खोड्या. पहिली भाषांतराची. पहिल्या प्रश्नात इंग्रजीत गोडी किंवा आनंद 'कमी' वाटतो का असं विचारलंय, आणि त्यासाठी वापरलेल्या शब्दाचा अर्थ 'थोडा' असाही होतो. घाईत केलेल्या भाषांतरात तिथे 'थोडा रस वाटतो' येतं आणि प्रश्न उलटा होतो. बरं वाटणारा माणूस 'हो, जवळजवळ रोज' म्हणतो आणि ३ गुण घेऊन जातो. व्हॉट्सअॅपवर फिरणारी प्रत वापरण्याआधी एवढं एक वाक्य तपासा, ते चुकलं असेल तर बाकीचं वाचूच नका. अधिकृत प्रतही वाचून दाखवावी लागते तेव्हा 'कशात मन लागत नाही का, जीव रमत नाही का' असं पुस्ती म्हणून जोडायला हरकत नाही. मूळ वाक्य मात्र आधी जसंच्या तसं वाचा.

दुसरी खोडी दिवस मोजण्याची. पर्याय आहेत: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्यापेक्षा जास्त दिवस, जवळजवळ रोज. तोंडी विचारलं की संवाद असा होतो:

'काका, मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं?'

'अधूनमधून होतंच की, मॅडम.'

'अधूनमधून' या शब्दाला कागदावर घर नाही. मग समुपदेशक अंदाजाने १ टाकते, आणि पुढच्या वेळी दुसरी समुपदेशक २ टाकते. अशा वेळी तारखा सोडा आणि आठवडी बाजार धरा. 'दोन बाजार झाले काका, त्या आधीच्या बाजारापासून आजपर्यंत. एका आठवड्यात साधारण किती दिवस?' एकादशी पाळणाऱ्या घरात 'मागच्या एकादशीपासून' म्हटलं तरी काम भागतं, पंधरा दिवसांचं गणित तिथे तयारच असतं. चौदांपैकी आठ किंवा जास्त दिवस आले की २. बारा किंवा जास्त आले की ३. हा हिशेब केंद्रात सगळ्यांनी एकसारखा करायचा, नाहीतर बदल पेशंटमध्ये झाला की प्रश्न विचारणाऱ्यात, हे कळायचं नाही.

तिसरी खोडी शरीराच्या प्रश्नांची. झोप, थकवा, भूक या तिघांचे मिळून ९ गुण, म्हणजे एकूणाचा तिसरा हिस्सा. शेतीपंपाची लाईट रात्री येते म्हणून आठवडाभर रात्री पाणी धरणारा माणूस झोपेच्या प्रश्नाला 'रोज' म्हणणार. श्रावणात एकभुक्त असलेली बाई जेवणाच्या प्रश्नाला काहीतरी वेगळंच सांगणार. थायरॉइड, गरोदरपण, नुकतंच सुरू केलेलं औषध, सगळं इथेच दिसतं. गुण द्या, पण बाजूला कारण लिहा. पुढे गुण उतरले तर ते लाईटचं वेळापत्रक बदलल्याने उतरले की मन सावरल्याने, हे त्या एका शब्दावरून कळेल.

आठव्या प्रश्नात दोन उलट गोष्टी एकत्र आहेत: हालचाल मंदावणं आणि अस्वस्थपणे येरझाऱ्या घालणं. वाचून दाखवताना दोन तुकडे करा आणि जो जास्त असेल त्याचे गुण धरा. जीएडी-७ मध्ये काळजीचा प्रश्न असाच फसवा. 'मुलांची काळजी वाटते का' याला कुठलीही आई होच म्हणेल. प्रश्न काळजी आवरता येते का हा आहे, 'आवरता' या शब्दावर जोर देऊन वाचा.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ० सोडून काहीही आलं की पेशंट दारातून बाहेर पडण्याआधी कुणीतरी बघितलंच पाहिजे. एकूण गुण ६ असले तरी. विचार नेमका काय आहे, काही ठरवलंय का, घरात कीटकनाशक आहे का आणि ते कुणाच्या ताब्यात आहे, आज रात्री सोबत कोण आहे, हे त्याच दिवशी विचारायचं. फॉर्म गूगलवर भरून घेणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं: रात्री दोनला भरलेला नववा प्रश्न तुम्ही सकाळी अकराला वाचणार असाल, तर तो प्रश्न ऑनलाइन विचारू नका. किंवा फॉर्ममध्येच टेलि-मानसचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा नंबर दिसेल अशी सोय करा आणि रोज ठरावीक वेळेला फॉर्म उघडणारा माणूस नेमा.

एकूण मत: झोपेचा आणि थकव्याचा अडथळा सोडला तर दणकट वस्तू. फुकट आहे म्हणून कमी लेखू नका.

पैसे देऊन घ्यायच्या, आणि एक मुलाखतीची

नैराश्याच्या बेक इन्व्हेंटरीची दुसरी आवृत्ती, बीडीआय-२, १९९६ ची. २१ प्रश्न, ० ते ६३. १४, २० आणि २९ या रेघा. प्रकाशकाकडून विकत घ्यावी लागते, झेरॉक्स काढणं बेकायदा, आणि तरी निम्म्या ठिकाणी झेरॉक्सच दिसते. तिची अडचण वाचनाची. प्रत्येक प्रश्नात चार विधानं, झोप आणि भुकेच्या प्रश्नांत सात-सात, म्हणजे एकूण ९० वाक्यं वाचून त्यातली २१ निवडायची. सातवी शिकलेल्या माणसाला हे अर्धा तास पुरतं, आणि पंधराव्या प्रश्नानंतर तो सगळीकडे पहिलंच वाक्य गोल करतो. अपराधीपणा, स्वतःवरची टीका, रडू येणं, यांवर ती पीएचक्यू-९ पेक्षा बारकाईने विचारते; विचारांवर काम करणाऱ्या थेरपीत हे उपयोगी पडतं. संशोधनासाठी घ्या. दर आठवड्याच्या कामाला नको.

ओक्यू-४५ ही एकूण मानसिक त्रास मोजणारी, अमेरिकेत मायकेल लॅम्बर्ट यांच्या गटाची. ४५ प्रश्न, ० ते १८०, रेघ ६३-६४ च्या मध्ये, खरा बदल १४ गुणांचा. परवाना लागतो. तिची खरी किंमत प्रश्नांमध्ये नाहीच, मागच्या यंत्रणेत आहे: सुरुवातीचे गुण बघून ती अपेक्षित सुधारणेची रेषा काढते आणि पेशंट रेषेवरून घसरला की थेरपिस्टला रंगीत इशारा देते. याची गरज का, ते २००५ च्या एका अभ्यासात दिसलं. ५५० पेशंटपैकी कितींची तब्येत उपचारात बिघडेल असं थेरपिस्टना विचारलं. त्यांनी ३ सांगितले. बिघडली ४० जणांची. अनुभवी नजर इथे फसते, म्हणून आकडा लागतो. मोठ्या संस्थेला परवडेल. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याने तोच धडा पीएचक्यू-९ चे गुण आलेख-कागदावर टिंबांनी काढून घ्यावा. चौथ्या सत्रापर्यंत टिंबं खाली यायला लागली नाहीत तर उपचाराचा बेत पुन्हा उघडायचा.

हॅमिल्टन ही नैराश्याचीच, १९६० ची, १७ मुद्दे, तज्ज्ञाने मुलाखत घेऊन भरायची. त्यातले तीन मुद्दे निव्वळ झोपेचे, मिळून ६ गुण. झोप आणणारी गोळी सुरू झाली की नैराश्य आहे तिथेच असलं तरी गुण उतरतात. थेरपीचं श्रेय मोजायला ही चुकीची काठी आहे.

डास-२१

कॉलेजांच्या प्रकल्पांत ही सगळ्यात जास्त दिसते. नैराश्य, चिंता, ताण, प्रत्येकी सात प्रश्न, मागच्या आठवड्याबद्दल. फुकट. झोप आणि भुकेचे प्रश्न नाहीत, त्यामुळे शारीरिक आजार असलेल्या माणसाचं नैराश्य ही पीएचक्यू-९ पेक्षा स्वच्छ मोजते.

पण तिच्यात एक सापळा आहे. मूळ प्रश्नावली ४२ प्रश्नांची होती, म्हणून २१ वाल्या प्रतीत प्रत्येक भागाची बेरीज करून दुप्पट करावी लागते आणि मगच तक्ता बघायचा. नैराश्याच्या भागात ११ गुण आले तर दुप्पट २२, म्हणजे 'तीव्र'. दुप्पट करायला विसरलात तर ११ हे 'सौम्य' मध्ये बसतात. पहिल्या वेळी दुप्पट केलं आणि शेवटच्या वेळी विसरलात, तर उपचाराशिवायच सगळे बरे होतात! कुठलाही डास अहवाल हातात आला की आधी बघा: एखाद्याही भागाचे गुण विषम असतील तर दुप्पट झालेलं नाही. शिवाय यात आत्महत्येचा थेट प्रश्न नाही, तो वेगळा विचारावा लागेल.

कोअर-ओएम

आमच्या मते आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. ब्रिटनची, १९९० च्या दशकात खास थेरपीसाठीच बांधलेली, एका आजाराला न चिकटलेली. ३४ प्रश्न: स्वास्थ्याचे ४, त्रासांचे १२, रोजच्या जगण्याचे १२, धोक्याचे ६. धोक्यात स्वतःला इजा करण्याचे चार आणि दुसऱ्याला इजा करण्याचे दोन. नवरा-बायकोच्या भांडणात मारहाणीचा प्रश्न असतो तिथे हे शेवटचे दोन सोन्यासारखे. फुकट आहे, फक्त शब्द बदलायचे नाहीत आणि भाषांतर त्यांच्या पद्धतीनेच करायचं.

गुण काढायची रीत: प्रत्येक प्रश्न ० ते ४. आठ प्रश्न चांगल्या बाजूने विचारलेले आहेत ('मदत मागायला कुणीतरी आहे असं वाटलं' या धर्तीचे), त्यांचे गुण उलटे छापलेले असतात. मग भरलेल्या प्रश्नांची सरासरी काढून दहाने गुणायचं. बेरीज ५१ आणि सगळे ३४ भरले असतील तर १.५, म्हणजे १५. रेघ १०. खरा बदल साधारण ५ चा. तीनपर्यंत प्रश्न राहिले तर सरासरीवर चालतं, चार राहिले तर फॉर्म परत द्या. एक्सेलमध्ये स्वतःचा तक्ता बनवताना ते आठ उलटे प्रश्न दुसऱ्यांदा उलटवण्याची चूक फार होते. छापील घरातच उलटा आकडा असतो, तो तसाच घ्यायचा. पडताळा सोपा: सगळ्या प्रश्नांना 'अजिबात त्रास नाही' अशी उत्तरं घातली तर तक्त्यात ० यायला हवा.

दर आठवड्याला ३४ प्रश्न कुणी भरत नाही. सुरुवातीला आणि शेवटी पूर्ण, मध्ये कोअर-१० ही छोटी. तिची रेघ ११, खरा बदल ६.

चार रेषांची ओआरएस

नाव ऐकून जुलाबाची पुडी आठवते, तो दोष आपला नाही. चार आडव्या रेषा, प्रत्येकी १० सेंटिमीटर: स्वतः कसे आहात, जवळच्या नात्यांत, बाहेरच्या जगात, आणि एकूण. पेशंट रेषेवर खूण करतो, तुम्ही पट्टीने मोजता, बेरीज ४० पैकी. इथे गुण वाढले की सुधारणा. मोठ्यांसाठी रेघ २५, खरा बदल ५. एक मिनिटही लागत नाही, आणि अक्षरओळख नसली तरी तोंडी समजावून खूण करून घेता येते. सोबतची एसआरएस ही सत्र कसं झालं याबद्दल. तशाच चार रेषा, ३६ च्या खाली गेलं की विचारायचं.

दोन तोटे. एक, झेरॉक्स. प्रिंट काढताना 'पानात बसवा' हा पर्याय निवडलेला राहिला की रेषा साडेनऊ सेंटिमीटरची होते, आणि झेरॉक्सच्या झेरॉक्सवर आणखी आखडते. मग पूर्ण बरा माणूसही ४० ला पोचत नाही. गठ्ठा छापून आला की वरचा कागद पट्टीने मोजल्याशिवाय वाटू नका. दुसरा, भिडस्तपणा. एसआरएस मॅडमच्या समोर मॅडमबद्दलच भरायची असते, त्यामुळे सगळे ४० देतात. सलग तीन सत्रं ४० आले तर तो आकडा काहीही सांगत नाही. 'आज कुठली गोष्ट बोलायची राहून गेली?' हे तोंडी विचारलेलं त्याहून जास्त कामाचं.

लक्षणं उतरली, माणूस कामावर गेला का?

सुरुवातीला सांगितलेल्या दुसऱ्या फायलीतला, १४ वर थांबलेला माणूस पुन्हा दुकान उघडू लागला असेल तर घरच्यांच्या दृष्टीने गुण आलाय. म्हणून लक्षणांच्या प्रश्नावलीला जगण्याची एक जोड हवीच. डब्ल्यूएसएएस ही पाच प्रश्नांची: नोकरी-धंदा, घरकाम, लोकांत मिसळणं, एकट्याची करमणूक, जवळची नाती. प्रत्येकी ० ते ८, एकूण ४०. नोकरीच नसेल तर पहिला प्रश्न लागू होत नाही आणि एकूण ३२ वर येतं. हे न बघता गृहिणींची सरासरी नोकरदारांशी ताडून 'महिलांना त्रास कमी' असा निष्कर्ष काढू नका.

जागतिक आरोग्य संघटनेची व्होडास २.० ही रोजच्या जगण्यातल्या अडचणी मोजणारी प्रश्नावली बारा आणि छत्तीस प्रश्नांत येते, मागच्या तीस दिवसांबद्दल विचारते. गुडघेदुखी, नजर, मधुमेह असलेल्या वयस्कर माणसांत हिचे गुण मनाच्या उपचाराने फारसे हलत नाहीत, कारण उभं राहणं, चालणं याचेही प्रश्न त्यात आहेत. दर आठवड्याला विचारण्यातही अर्थ नाही. तीस दिवसांची खिडकी सात दिवसांत तीन चतुर्थांश तीच राहते. महिन्यातून एकदा पुरे.

पेशंटच्या शब्दात

छापील प्रश्नांत न सापडणारा त्रास मोजायला ब्रिटनची सायक्लॉप्स ही एका पानाची वस्तू आहे. सगळ्यात जास्त सतावणारी गोष्ट कुठली, दुसरी कुठली, त्यामुळे काय करणं जड जातं, आणि सध्या एकूण कसं वाटतं. चौघांना ० ते ५, एकूण २०. पेशंट लिहितो, 'सासूबाईंचा फोन आला की छातीत धडधडतं, उचलत नाही.' पुढच्या वेळी याच वाक्यावर गुण मागायचे. ते वाक्य 'कौटुंबिक ताण' असं सुधारून लिहिलंत की मोजणं संपलं, कारण कौटुंबिक ताणाला उद्याही ४ च मिळतील. उद्दिष्टं -२ ते +२ वर मोजायची १९६८ पासूनची एक पद्धतही आहे. तिची पायरी थेरपिस्ट ठरवतो, आणि अनुदानाचा अहवाल जवळ आला की पायऱ्या बुटक्या होतात.

गोव्याचं उदाहरण

निवड कशी करावी याचा नमुना जवळच आहे. गोव्यात संगत संस्थेच्या नैराश्यावरच्या हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅममध्ये दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ पेशंटवर चाचणी झाली, २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. समुपदेशन करणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक होते. सहा ते आठ सत्रं. पेशंट निवडले पीएचक्यू-९ वर १४ च्या वर गुण असलेले. पण तीन महिन्यांनी तीव्रता मोजायला मुख्य काठी बीडीआय-२ ठेवली, आणि आजार ओसरला का हे पीएचक्यू-९ च्या १० च्या रेघेवर पाहिलं.

दोन काठ्या का? ज्या प्रश्नावलीच्या जास्त गुणांवरून माणूस निवडला, त्यावर पुढच्या वेळी गुण थोडे उतरणारच. माणूस सगळ्यात वाईट आठवड्यात दारात येतो. पुढचा आठवडा काही न करताही बरा जातो. तुलनेला दुसरा गट असला की हे झाकलं जात नाही, पण छोट्या केंद्राकडे दुसरा गट कुठून असणार? त्यांनी निदान एक करावं: नावनोंदणीच्या दिवशी एकदा आणि पहिल्या सत्राला पुन्हा, असे दोनदा गुण घ्यावेत. दुसरा आकडा सुरुवातीचा धरावा.

त्याच संस्थेच्या दारूविषयक चाचणीत ३७७ पुरुष होते, ऑडिट या प्रश्नावलीवर १२ ते १९ गुणांचे. तिथेही ऑडिट ८ च्या खाली येणं ही एक कसोटी, आणि मागच्या १४ दिवसांत रोज सरासरी किती दारू घेतली ही दुसरी. ऑडिट मुळात वर्षभराच्या सवयीबद्दल विचारते, दोन महिन्यांच्या समुपदेशनाला ती एकटी पुरत नाही. आणि 'किती घेता' याचं उत्तर 'एकच' आलं तर एक काय ते विचारा. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्क्यांच्या दारूत साधारण ६१ ग्रॅम अल्कोहोल. दहा ग्रॅमचा एक पेला धरला तर ते सहा झाले.

खरा बदल स्वतः काढायचा झाला तर

प्रश्नावलीचा खऱ्या बदलाचा आकडा सापडत नसेल तर १९९१ च्या जेकबसन-ट्रुआक्स सूत्राने काढता येतो. दोन गोष्टी लागतात: गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेत) आणि प्रश्नावलीची विश्वासार्हता (पुन्हा मोजलं तर कितपत तेच येतं, ० ते १ मध्ये). समजा विचलन ६, विश्वासार्हता ०.८५. एकातून ०.८५ वजा करून ०.१५, त्याचं वर्गमूळ ०.३८७, गुणिले ६ म्हणजे २.३२, ही एका मोजणीतली चूक. मोजण्या दोन, म्हणून गुणिले १.४१, आले ३.२९. शेवटी गुणिले १.९६, उत्तर ६.४. म्हणजे पूर्ण गुणांत ७ चा फरक हवा. विश्वासार्हता ०.७० वर घसरली की हाच आकडा ९ च्या वर जातो. घरी बनवलेल्या 'दहा प्रश्नांच्या आनंद चाचणी'ला ३ गुणांची सुधारणा दाखवणाऱ्यांनी एकदा हे करून बघावं.

मध्येच प्रश्नावली बदलू नका. नैराश्याच्या सात प्रचलित प्रश्नावल्या २०१७ मध्ये शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा त्यांत मिळून ५२ वेगवेगळी लक्षणं निघाली. नाव नैराश्याचंच, पण प्रत्येक जण वेगळी वस्तू तोलतोय.

कधी भरून घ्यायची

सत्राच्या आधी, बाहेरच्या बाकावर, दहा मिनिटं. सत्रानंतर भरली तर मन मोकळं झाल्याचा हलकेपणा गुणांत उतरतो. सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा आईला 'जरा बाहेर चहा घेऊन या' म्हणा. शेजारी बसून 'अगं, एवढं कुठे असतं तुला' म्हणणाऱ्या माणसापुढे नववा प्रश्न खरा भरला जात नाही. आणि दर सत्राला घ्या, निदान पीएचक्यू-९ तरी. शेवटच्या सत्राला घेऊ म्हणाल तर निम्म्यांचं शेवटचं सत्र कधी झालं हे तुम्हाला नंतरच कळतं, ते न सांगता यायचे थांबलेले असतात. राहिलेल्यांचीच सरासरी काढली की अहवाल छान दिसतो.

काय घ्यावं

एकट्या समुपदेशकाला: एक ए-४ कागद. पुढे पीएचक्यू-९, मागे डब्ल्यूएसएएस आणि पेशंटच्या शब्दातलं एक वाक्य. चिंतेचा पेशंट असेल तर जीएडी-७ वेगळी. नाती, राग, हिंसा असे प्रश्न जास्त येत असतील तर कोअर. बाळंतीण असेल तर पीएचक्यू-९ बाजूला ठेवून एडिनबरोची १९८७ ची दहा प्रश्नांची, कारण बाळाने जागवलेली झोप ती धरत नाही. आघातानंतरच्या त्रासाला पीसीएल-५: वीस प्रश्न, ८० गुण, १० चा फरक अर्थपूर्ण; महिन्याची आणि आठवड्याची अशा दोन प्रती असतात, दर सत्राला आठवड्याचीच घ्या. ओसीडीला (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा) वाय-बॉक्स, पण ती मुलाखत घेऊन भरायची असते आणि शिकावी लागते. ३५ टक्के उतार हा प्रतिसाद धरतात.

शाळेसाठी एसडीक्यू, मुलांच्या भावना आणि वागणं विचारणारी, २५ प्रश्नांची. पहिली प्रत सहा महिन्यांबद्दल विचारते, उपचारानंतरची वेगळी प्रत एका महिन्याबद्दल. दोन्ही वेळी पहिलीच प्रत दिली तर सुधारलेलं मूलही जुन्या पाच महिन्यांचे गुण घेऊन येतं. कागदावर फुकट आहे, पण ती स्वतःच्या गूगल फॉर्ममध्ये किंवा अॅपमध्ये टाकायला परवानगी लागते.